'छातीत हवा फुटली' – बरोबर मराठी काय?

रानजाई: भाचीला दम्याचा जबर अ‍ॅटॅक आला होता. दुसऱ्या दिवशी मान सुजली, बोट दाबलं की कातडीखाली कुरमुरे चुरडल्यासारखं लागायचं. आता ठीक आहे. कार्डावर 'न्यूमोमेडियास्टिनम, सर्जिकल एम्फिसेमा' लिहिलंय, म्हणजे छातीत हृदयाशेजारी आणि कातडीखाली हवा शिरलेली. वहिनी म्हणते, ऑपरेशन झालंच नाही, मग सर्जिकल कसलं? आजीला मी 'छातीत हवा फुटली' म्हटलं, तर ती रडायलाच लागली. शब्द सुचवा.

वातकुक्कुट: न्यूमोथोरॅक्सला, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा साठते त्याला, 'वातवक्ष' आहे. कातडीखालच्या हवेला 'अधस्त्वचीय वातस्फीती' म्हणा.

पिंपळपार: आजी पुन्हा रडेल. आमच्याकडे 'वात' म्हटलं की लोक गुडघे धरतात.

नाडीपरीक्षा: आम्ही वॉर्डात 'हवा लीक झाली' म्हणतो. 'फुटली' नकोच, फुफ्फुसच फुटलं असं वाटतं. दम्यात हवा आत शिरते, पण बाहेर पडायला वाट नसते. दाबाने फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या (वायुकोश) फाटतात, हवा श्वासनळ्यांच्या कडेकडेने हृदयाशेजारच्या जागेत येते, तिथून मानेत चढते. हा मार्ग मॅकलिन नावाच्या संशोधकाने १९३९ साली दाखवला. त्याच वर्षी हॅमन या डॉक्टरने अशा रुग्णांत हृदयाच्या ठोक्यागणिक ऐकू येणारी करकर नोंदवली. बहुतेकदा ही हवा काही दिवसांत आपोआप जिरते. फुफ्फुसाभोवती जास्त साठली तर मात्र नळी घालावी लागते. 'सर्जिकल' हे जुन्या सवयीचं नाव, ऑपरेशन किंवा जखमेनंतर असं दिसायचं म्हणून.

पिंपळपार: मग 'हवा शिरली आणि जिरली'! झालं की.

वातकुक्कुट: 'हवा' अरबी आहे.

पिंपळपार: 'दमा'ही फारसीतल्या 'दम'वरून आलाय. उद्यापासून तमकश्वास म्हणणार का? तुमच्या आयडीतला कोंबडा तरी हवेवरच फिरतो ना?

कृष्णाकाठ: बाकी राहू द्या, कुरमुरे कुठून आले? चुरमुरे म्हणा! भडंग कुरमुऱ्यांचा करतात का कुठे?

वऱ्हाडी_ठसका: मुरमुरे. चिवड्यात टाकून पाहा.

नाडीपरीक्षा: मला तर ते बोटाला पापडाच्या चुऱ्यासारखं लागतं.

कृष्णाकाठ: पोह्याचा का उडदाचा?

रानजाई: अहो, आजीला काय सांगू?

वऱ्हाडी_ठसका: उडदाचा. पोह्याचा एवढा कुरकुरत नाही.