‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’: बूथचा शॉट आणि होमरची भूमिका

खिडकीजवळ: युद्धावरून घरी परतलेल्या तिघांच्या, विल्यम वायलरच्या या १९४६च्या चित्रपटाबद्दल दोन शंका. बारमधल्या प्रसंगात पुढे पियानो, पार मागे टेलिफोन बूथ, आणि दोन्ही स्पष्ट. दोन वेगळे शॉट जोडलेत का? आणि त्या तिघांतल्या, दोन्ही हात गमावलेल्या होमरची भूमिका हॅरॉल्ड रसेलसाठीच लिहिली होती का?

जुनं रीळ: दुसरी आधी. नाही. मॅकिन्ले कॅन्टरच्या मूळ कथेत (ती पद्यात आहे!) होमरचे हात शाबूत आहेत; मेंदूच्या इजेमुळे त्याचा शरीरावर ताबा राहत नाही. पुढे लष्कराच्या एका माहितीपटात रसेल दिसला आणि रॉबर्ट शेरवूडच्या पटकथेत होमरचं अपंगत्वच बदललं. पडद्यावर तो नौदलातला. रसेल मात्र लष्करातला. ६ जून १९४४ला, म्हणजे नॉर्मंडीत सैन्य उतरलं त्याच दिवशी, पण नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रशिक्षणात स्फोट होऊन त्याचे हात गेले. निर्माता सॅम्युएल गोल्डविनने त्याला अभिनयाची शिकवणी लावली होती, ती वायलरला मुळीच रुचली नाही. बरोबरच आहे.

भिंग-भिंग: जोडकाम नाही. कॅमेरा ग्रेग टोलंडचा. अ‍ॅपर्चर (भिंगातलं प्रकाशाचं छिद्र) लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही ठळक येतं, पण दर स्टॉपला (छिद्र लहान करण्याच्या एका पायरीला) प्रकाश निम्मा होतो. दोन स्टॉप खाली गेलात की चौपट उजेड हवा. वाइड भिंगाने काम सोपं होतं, पण मागचा माणूस बोटाएवढा दिसतो. तिघांतल्या फ्रेडचा (डेना अँड्र्यूज) बूथमधला फोन ही त्या प्रसंगातली मुख्य घटना, आणि ना त्याचा चेहरा नीट दिसत ना शब्द ऐकू येत. प्रेक्षक पियानोतच अडकून राहील, हा धोका होता. म्हणून मधे तिसऱ्याचे, अलचे (अभिनेता फ्रेडरिक मार्च) जवळचे शॉट आहेत: त्याची नजर बूथकडे वळते, पाठोपाठ आपली.

जुनं रीळ: होमरच्या खोलीतला प्रसंगही बघा. हातांच्या जागी हुक आहेत; खांद्याच्या पट्ट्यांना जोडलेली तार ताणली की हुक उघडतो, रबरबँड तो मिटवतात. पट्टे उतरले की दार लागलं तरी त्याला उघडता येत नाही. हे तो त्याच्या प्रेयसीला, विल्माला आधी दाखवतो, लग्नाचं नंतर.

खिडकीजवळ: आणि भंगारातली विमानं? सेट?

भिंग-भिंग: खरी, कॅलिफोर्नियातल्या ऑन्टारिओच्या तळावरची. इंजिनं काढलेली. फ्रेड बसतो त्या बॉम्बरची इंजिनं सुरू झाल्यासारखी वाटतात ती कॅमेऱ्याच्या हालचालीने आणि ह्यूगो फ्रीडहोफरच्या संगीताने.