‘टेबल केला’ म्हणजे पटलावर ठेवला की गुंडाळला?

कलमदान
टेक्सास राज्याच्या विधिमंडळावरचा एक लेख मराठीत आणतोय. अडलेली जागा अशी: एका सदस्याने विधेयकाला सुधारणा सुचवली, विधेयक मांडणाऱ्याने ती ‘टेबल’ करण्याचा प्रस्ताव आणला आणि तो बहुमताने संमत झाला. मी लिहिलं, ‘सुधारणा पटलावर ठेवण्यात आली’. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘सुधारणा मांडण्यास मंजुरी मिळाली’ असं केलं. पण पुढच्याच परिच्छेदात ती सुधारणा मेलेली आहे, आणि वाचणारा विचारणार की मंजुरी मिळाली तर मेली कशी? आपल्याकडे याला नेमका शब्द कोणता?

गॅलरीतला
दोघेही चुकलात, पण तपासणारे जास्त. इंग्लंडात आणि त्यांच्या वळणाने आपल्याकडे ‘टेबल करणं’ म्हणजे कागद सभागृहासमोर आणणं. अमेरिकेत नेमकं उलट: कागद टेबलावरच राहू द्या, उचलू नका. टेबल तेच, फक्त एकीकडे कागद तिथे ठेवून काम सुरू होतं आणि दुसरीकडे तिथे ठेवून काम संपतं. पुस्तकी नियमांत ते तात्पुरतं बाजूला ठेवणं आहे, नंतर पुन्हा उचलता येतं. कायदेमंडळांत मात्र ते मारण्यासाठीच वापरतात. साधं बहुमत पुरतं. वर सोय अशी की सदस्याला मतदारसंघात जाऊन सांगता येतं, ‘मी सुधारणेच्या विरोधात मत दिलंच नाही, फक्त टेबल करायला दिलं.’ ही सोय ज्या शब्दात दिसत नाही तो शब्द तिथे चालणार नाही.

(याच शब्दावरून चर्चिल आणि युद्धकाळातले अमेरिकन सेनाधिकारी यांच्यात झालेल्या वादाचा किस्सा आता कोणी सांगू नये. सगळ्यांना माहीत आहे.)

पागोळी
एवढा खल कशाला? ‘बासनात गुंडाळली’. अस्सल मराठी, शाळकरी पोरालाही कळेल.

गॅलरीतला
कळेल, पण चुकीचं कळेल. बासनात गुंडाळणं गुपचूप होतं. समितीचा अहवाल येतो, मंत्रालयात कुठल्यातरी मजल्यावर जातो आणि पुन्हा दिसत नाही, ते बासन. इथे उघड मतदान होऊन, नावानिशी नोंद होऊन ती सुधारणा मेली आहे.

मुद्राराक्षस
‘निकालात काढली’ कसं वाटतं?

फोर्टकर
निकालात तर मताला टाकून फेटाळलेली सुधारणाही निघते. इथे मुद्द्यावर मत न घेता निकाल लावला, हाच फरक आहे. आपल्या विधानसभेत ही पायरीच नाही. विधेयकाला सुधारणा मांडली की एक तर मांडणारा सभागृहाच्या अनुमतीने ती मागे घेतो, नाही तर ती मताला जाते. ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे’, आणि मग ‘होयचे बहुमत’ किंवा ‘नाहीचे बहुमत’. मधला दरवाजा नाही. दरवाजाच नसेल तर त्याला आपल्याकडे नाव कसं असेल?

पूर्ण विधेयक लांबवायचं असेल तर आपल्याकडे ते संयुक्त चिकित्सा समितीकडे पाठवतात. महिलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक डिसेंबर २०२० मध्ये आलं, तसंच समितीकडे गेलं आणि डिसेंबर २०२१ मध्ये संमत झालं. पण ते मारणं नव्हे.

पागोळी
मग ‘पटलावर ठेवणे’ हा तरी कुठला मराठी शब्द? हिंदीतल्या ‘सभा पटल’वरून उचललेला. आपल्या विधानभवनातल्या कामकाजपत्रिकेत ‘कागदपत्रे सभागृहासमोर ठेवणे’ असं स्वच्छ छापतात. वार्ताहरांनीच पटल आणलं.

मुद्राराक्षस
हे मान्य, आणि गंमत पुढेच आहे. संस्कृतात पटल म्हणजे आवरण, पडदा, पापुद्रा. नेत्रपटल आठवा. म्हणजे ‘अहवाल पटलावर ठेवला’ याचा धात्वर्थ अहवाल झाकणावर ठेवला! अमेरिकन अर्थाला हा शब्द आपल्या अर्थापेक्षा जास्त शोभतो. मला वाटतं ‘पाट’, ‘पट’ आणि इंग्रजी ‘टेबल’ यांच्या नादसाम्यावर तो टेबलाला चिकटला असावा.

चाळीतला_बोका
मग ‘मेजावर ठेवणे’ म्हणा. मेज पोर्तुगीजांनी दिलं, मुंबईला वसईइतकंच जवळचं.

मुद्राराक्षस
मेज फारसीतही आहे. वसईवाल्यांना एवढ्यात श्रेय देऊ नका.

कलमदान
मेज, पाट, पटल राहू दे. याच लेखात पुढे आणखी एक भोवरा आहे. अल्पमतातले सदस्य राज्य सोडून गेले, कोरम (कामकाजाला लागणारी किमान हजेरी) मोडला, सभागृह दिवसामागून दिवस ‘अ‍ॅडजर्न’ होत राहिलं. मी ‘स्थगित’ लिहिलं, ते तपासणाऱ्यांनी ‘तहकूब’ केलं. काही फरक आहे का?

फोर्टकर
मोठा फरक आहे. संविधानाचा अनुच्छेद १८९ पाहा. गणपूर्ती, म्हणजे कोरम, नसेल तर पीठासीन अधिकाऱ्यापुढे दोन वाटा आहेत. सभागृह तहकूब करायचं किंवा गणपूर्ती होईपर्यंत बैठक थांबवायची. पहिली तहकुबी, दुसरी स्थगिती. तहकुबीला सहसा पुढची वेळ सांगतात, दहा मिनिटं, दुपारी दोन, उद्या सकाळी अकरा. स्थगितीत सगळे जागेवर बसून घंटा ऐकतात. टेक्सासात जे झालं ती तहकुबीच. तपासणाऱ्यांना हा एक गुण द्या.

तिसरा शब्द आहे ‘संस्थगित’. अधिवेशनाच्या शेवटी राष्ट्रगीत होतं तेव्हा वर्तमानपत्रं लिहितात ‘अधिवेशन संस्थगित’. ही राज्यपालांची कृती आहे, अनुच्छेद १७४ खालची. संविधानाच्या मराठी पाठात तिला ‘सत्रसमाप्ती’ म्हटलंय. तहकुबी अध्यक्षांच्या हातात, सत्रसमाप्ती राज्यपालांच्या.

पागोळी
‘सत्र’ म्हणजे यज्ञ. ‘अधिवेशन’च बरं.

फोर्टकर
बरं कोणतं हा प्रश्न नाही. अधिवेशन कुठे संपतं यावर निकाल फिरले आहेत. ५ जुलै २०२१ ला विधानसभेने १२ सदस्यांना एक वर्षासाठी निलंबित केलं. पावसाळी अधिवेशन होतं दोन दिवसांचं. २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. विधानसभेच्या नियम ५३ प्रमाणे गोंधळ घालणाऱ्या सदस्याला दिवसाच्या उरलेल्या कामकाजापुरतं किंवा फार तर अधिवेशनाच्या उरलेल्या काळापुरतं बाहेर ठेवता येतं, त्यापलीकडे नाही. शिवाय ६० दिवस विनापरवानगी गैरहजर राहिलं तर जागा रिक्त जाहीर करता येते, आणि रिक्त जागा सहा महिन्यांत भरायची असते. वर्षभर निलंबन म्हणजे मतदारसंघाला हकालपट्टीपेक्षा वाईट शिक्षा. तेव्हा अधिवेशन, बैठक, सत्र हे समानार्थी समजून शैलीसाठी अदलाबदल करणाऱ्यांनी जरा जपून.

गॅलरीतला
याच कुळातला सगळ्यात फसवा शब्द राहिला, ‘स्थगन प्रस्ताव’. नवीन मुलं हटकून लिहितात, ‘स्थगन प्रस्ताव फेटाळल्याने सभागृह सुरूच राहिले’. अरे, तो सभागृह बंद करायचा प्रस्ताव नसतोच. पत्रिकेवरचं ठरलेलं काम बाजूला सारा आणि तातडीच्या विषयावर आधी बोला, एवढंच म्हणणं असतं. स्थगित होतं ते काम. विधानसभेत हा नियम ९७. बहुतेक वेळा अध्यक्ष अनुमती नाकारतात, पण विरोधकांना दोन-चार मिनिटं विषय मांडू देतात. ती मिनिटं हाच खरा हेतू असतो. मग घोषणा, मग सभात्याग.

आणि नुसतं ‘९७ लावला’ लिहू नका. विधानपरिषदेत ९७ म्हणजे अल्पकालीन चर्चा. तिथे काम बाजूला सारायला २८९ ची सूचना देतात. त्याच इमारतीत एका दालनातून दुसऱ्या दालनात गेलं की आकड्याचा अर्थ बदलतो.

चाळीतला_बोका
‘तहकूब’ कुठून आला पण? मला तर ‘तह’ आणि ‘कूब’ दिसतात. तह झाला, कुवत संपली.

मुद्राराक्षस
बोकोबा, ही व्युत्पत्ती नव्हे, कोडं आहे. अरबी ‘तवक्कुफ’ म्हणजे थांबणं, खोळंबणं. त्याचा हा अपभ्रंश असावा असं मला वाटतं. मौकूफ आणि वक्फ त्याच धातूचे.

पागोळी
‘व’ चा ‘ह’ कसा झाला ते दाखवा, मग मानू.

मुद्राराक्षस
कचेरीतल्या कारकुनाच्या जिभेवर काय काय झालं त्याचा प्रत्येक वेळी दाखला मिळत नाही. तुम्ही दुसरं मूळ दाखवा.

पागोळी
दुसरं मूळ नाही म्हणून पहिलं खरं, हा कुठला न्याय?

गॅलरीतला
व्युत्पत्तीच हवी असेल तर ‘हौदा’ घ्या. ‘विरोधक हौद्यात उतरले’ असं वर्षानुवर्षं छापतोय. अध्यक्षांच्या आसनासमोरची ती खोलगट मोकळी जागा, जिथे सचिवालयाचे अधिकारी आणि प्रतिवेदक बसतात, जिथून राजदंड पळवायचा प्रयत्न होतो. इंग्रजीत ‘वेल’, म्हणजे विहीर.

चाळीतला_बोका
हत्तीवरचा हौदा? मग सदस्य ‘उतरले’ कसे, चढायला हवेत!

मुद्राराक्षस
या वेळी बोक्याने बरोबर जागी पंजा मारलाय. अंबारीचा हौदा अरबी ‘हौदज’वरून, पाण्याचा हौद अरबी ‘हौज’वरून. दोन वेगळे शब्द. खोलगट जागेचा अर्थ हौदाकडचा. पण आकारान्त ‘हौदा’ तालमीतही आहे, तांबड्या मातीचा, कुस्तीचा. माझ्या मते विधानभवनातला हौदा विहिरीचं भाषांतर नाहीच, तो तालमीतून आलाय. उतरायचं, शड्डू ठोकायचा.

पागोळी
‘वेलमध्ये’ लिहिणाऱ्यांपेक्षा हजारपट छान. हा शब्द जपा.

फोर्टकर
हौद्यातून बाहेर या. कलमदानांच्या लेखातला मोडलेला कोरम समजून घ्यायला आकडे लागतील. आपल्याकडे गणपूर्ती म्हणजे दहा सदस्य किंवा एकूण संख्येचा दहावा हिस्सा, यांतलं जे मोठं असेल ते. विधानसभेत २८८ सदस्य, म्हणजे २९. परिषदेत ७८, म्हणजे दहावा हिस्सा आठाच्या आतच, म्हणून १०. विरोधकांनी गावी जाऊन काही मोडत नाही. सत्ताधारी बाक रिकामे असताना कोणीतरी उठून गणपूर्ती नसल्याचं सांगतो, घंटा वाजते, उपाहारगृहातले सदस्य धावत येतात. टोमणा मारण्यापलीकडे त्यात काही नसतं.

टेक्सासात दोन तृतीयांश हवेत. १५० पैकी १००. म्हणजे ५१ जणांनी राज्याची हद्द ओलांडली की कामकाज ठप्प. २००३ मध्ये ते ओक्लाहोमात गेले, २०२१ मध्ये वॉशिंग्टनला, ऑगस्ट २०२५ मध्ये मतदारसंघांच्या फेरआखणीवरून इलिनॉयला. हद्द अशासाठी की मागे उरलेल्यांना गैरहजरांना पकडून आणायचा अधिकार आहे, पण राज्याच्या पोलिसांचा हात हद्दीपर्यंतच पोचतो. परतल्यावर दारं बंद करतात आणि अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय बाहेर सोडत नाहीत. तेव्हा ‘कोरम मोडला’ला ‘गणपूर्तीअभावी’ म्हणू नका. अभाव आपोआप होतो. हे ठरवून केलेलं आहे. ‘गणपूर्ती मोडली’ लिहा.

पागोळी
गणपूर्ती ‘मोडत’ नाही, ‘भंगते’.

गॅलरीतला
भंगतात मूर्ती. कोरम मोडतो. आणि आमच्याकडे तर ‘कोरम’च म्हणतात, गणपूर्ती फक्त छापून येते. तसंच मतविभागणी (मतं मोजून घेणं) छापून येते आणि सदस्य उभे राहून ‘पोल, पोल’ ओरडतात. १२ नोव्हेंबर २०१४ ला विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचं जाहीर झालं तेव्हा सगळी बोंब त्याच एका शब्दावर होती. मतविभागणी वेळेत मागितली की नाही यावर. त्यानंतरच्या दोन विश्वासदर्शक ठरावांना शिरगणती झाली. ३० नोव्हेंबर २०१९ ला १६९ बाजूने, विरोधात शून्य, ४ तटस्थ. ४ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध ९९. एकेक सदस्य उभा राहून नाव आणि आकडा सांगतो. संध्याकाळी कोणाला ‘मी होय म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय उरत नाही.

मुद्राराक्षस
‘शिरगणती’ आणि ‘शिरगिनती’ असे दोन्ही छापलेले दिसतात. दुसरा हिंदीचा वास मारतो.

पागोळी
पहिलाही गुरं मोजल्यासारखाच.

कलमदान
तहकूब आणि मोडलेला कोरम दोन्ही घेतले, आभार. मूळ वाक्य आज संध्याकाळी द्यायचंय. आत्ता असं केलंय: ‘सुधारणेवर मत न घेताच ती बाजूला सारण्याचा प्रस्ताव बहुमताने संमत झाला आणि सुधारणा तिथेच संपली.’ लांब झालंय. तपासणारे ‘बाजूला सारण्याचा’ म्हणजे ‘स्थगन’ का, असं विचारताहेत.

गॅलरीतला
नाही! स्थगन अजिबात नको. वर एवढं लिहिलं त्याचं काय?

फोर्टकर
वाक्य चालेल. फक्त ‘तिथेच संपली’ काढा. तीच सुधारणा शब्द फिरवून पुन्हा आणता येते का ते त्यांच्या नियमांत आधी बघा.

चाळीतला_बोका
‘खुंटीला टांगली’?

पागोळी
खुंटीवरचं परत काढता येतं. बासन म्हणजे बासन.