पेन्सविकच्या चर्चमधलं दगडी थडगं: माणूस पेटीत असतो की खाली?

भटक्या_विक्रम:
मंडळी, मागच्या रविवारी इंग्लंडातल्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या पेन्सविक गावाला गेलेलो. सेंट मेरीज चर्चच्या आवारात कंबरेएवढ्या दगडी पेट्याच पेट्या, कडेनं देवदूतांची गुबगुबीत तोंडं काय, माळा काय, बघतच राहिलो. एकीची बाजूची फरशी सुटलेली, पोरानं फटीत मोबाईलचा टॉर्च मारला आणि जोरात ओरडला, बाबा आत कोणीच नाहीये! बायको तिथनंच गाडीकडे निघाली. तर माणूस गेला कुठं? आणि एक चक्क पिरॅमिड आहे, ते काय प्रकरण?

मुक्काम_ब्रिस्टल:
पोरगं बरोबर बोललं :) पेटी पोकळच असते, मयत खाली जमिनीत, वर नुसती खूण. आपल्याकडे समाधीवर तुळशीवृंदावन बांधतात तसं समजा, वृंदावनात कोणी माणूस शोधत नाही. गोल उभी थडगी पाहिली असतील तर त्यांना टी-कॅडी म्हणतात, चहाच्या डब्यासारखी दिसतात म्हणून. बरीचशी 17व्या-18व्या शतकातल्या कापडवाल्यांची, ओढ्यांवर गिरण्या होत्या, पैसा होता आणि चुनखडीचा दगड तर डोंगरातच, खाणीतनं ताजा काढला की मऊ असतो म्हणून एवढं बारीक कोरता येतं. पिरॅमिड जॉन ब्रायनचा, 1787 चा. तो स्वतःच दगड घडवणारा, म्हणजे घरचंच काम.

खादीवाला:
कापडावरनं आठवलं, त्या काळात इंग्लंडात कायदाच होता की मयताला लोकरीतच गुंडाळायचं, लिनन वगैरे बंद, नाहीतर 5 पौंड दंड आणि वर शपथेवर लिहून द्यायचं. का तर लोकरीचा धंदा चालावा! 1814 मध्ये जाऊन रद्द झाला. श्रीमंत लोक सरळ दंड भरायचे आणि हवं ते नेसवायचे, हे मात्र कुठंही सारखंच. कॉट्सवोल्ड्समधल्याच बर्फर्ड गावात काही थडग्यांवर वळकटीसारखा गोल दगड आहे, गाईड म्हणतात लोकरीचे गठ्ठे, पण सगळ्यांना ते पटत नाही.

शेवाळप्रेमी:
चर्चच्या आवारातली यू नावाची, कातरून आकार दिलेली सदाहरित झाडं मोजली का? 99 च आहेत म्हणे, शंभरावं लावलं की सैतान मारून टाकतो. खरं मोजलं तर जास्त भरतात, असो. एक विनंती, थडग्यांवर बसू नका आणि अक्षरं वाचायला दगडफूल खरवडू नका, ते वाढायला कित्येक वर्षं लागतात आणि खाली दगडाचा पापुद्रा पण निघतो. सुटलेल्या फरशीचं चर्चला कळवा, स्वतः ढकलून बसवायला जाऊ नका, तिथं दुरुस्तीला रीतसर परवानगी लागते.

भटक्या_विक्रम:
अरे देवा. आम्ही एकावर बसून बाकरवडी खाल्ली. चर्चला आजच मेल टाकतो, बाकरवडीचं लिहीत नाही. पोरगं झाडं मोजायला परत चल म्हणतंय, बायको म्हणते तुम्ही जा.