पीडीएफमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, आणि एकूणच लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला आयता कोड, शोधायची कशी?

गूळ_आणि_कोड

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातनं विचारतोय. शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं हिशोबाचं सॉफ्टवेअर करालोय, पीएचपी भाषेत, तिचा लारावेल हा सांगाडा घेऊन. शेतकऱ्याचा गूळ आला, सौदा झाला की त्याला पट्टी द्यायची, रवे म्हणजे ढेपी किती, वजन किती, दर काय, त्यातनं हमाली तोलाई वजा, आधी उचल घेतली असंल तर ती वजा, आणि खाली हातात किती येणार ते. हिशोब सगळा बरोबर बसलाय. गाडी अडलीय पीडीएफवर.

एचटीएमएलचं पीडीएफ करणारी डॉमपीडीएफ लायब्ररी लावलीय, मराठी फॉन्ट पण दिलाय, अक्षरं उमटतात पण ‘शिवाजी’ लिहिलं की श ची वेलांटी जाऊन व च्या डोक्यावर बसते, ‘कृष्णात’ मधला ष्ण फुटून ष् वेगळा ण वेगळा, आणि ‘गुऱ्हाळ’ तर बघवत नाही. दोन-चार फॉन्ट बदलून बघितले, तेच. मालक म्हणतात नाव धड नसलेली पट्टी मी कुणाच्या हातात देणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुसरं म्हणजे हे दरवेळचं झालंय. एक्सेल वाचायचं असू दे नाहीतर बारकोड, ढीगभर लायब्रऱ्या सापडतात, सगळ्यांच्या पहिल्या पानावर आमच्याइतकं सोपं कोण नाही असंच लिहिलेलं असतंय, आणि आठवडा घालवल्यावर कळतंय की आपलं काम हिच्यात होतच नाही. तुम्ही लोक निवडता कसं?

शिरोलीकर

भावा फॉन्ट बदलत बसू नको, फॉन्टचा दोष नाही. फॉन्टमध्ये ष्ण चा आकार असतोयच, पण ष, हलन्त आणि ण शेजारी आले की तो आकार उचलायचा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या अलीकडं न्यायची, रफार डोक्यावर चढवायचा, हे ठरवणारा वेगळा कोड लागतो. त्याला टेक्स्ट शेपिंग म्हणतात. क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडवर हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते म्हणून तिथं मराठी नीट दिसतं. डॉमपीडीएफमध्ये तो भागच नाही, ते एकामागोमाग एक आकार मांडत जातं. जेएस-पीडीएफ घे, जुनं एफपीडीएफ घे, तिथं पण हीच रड.

पीएचपीतच राहायचं असेल तर एमपीडीएफ बघ, त्यात सहाव्या आवृत्तीपासनं भारतीय लिप्यांचं शेपिंग आहे, फक्त फॉन्टच्या कॉन्फिगमध्ये यूज-ओटीएल हा शेपिंगचा पर्याय चालू करायला विसरू नको, नाहीतर परत तुटकंच येणार आणि तू म्हणशील हे पण बेकार. पायथन चालत असेल तर वीझीप्रिंट, ते मजकूर मांडायला पँगो वापरतं आणि पँगोच्या आत हार्फबझच. पायथनच्याच एफपीडीएफ-टू मध्ये पण आता शेपिंग चालू करता येतं.

आणि शोधायचं म्हणशील तर तू गूगलवर काय टाकलं होतंस? ‘मराठी फॉन्ट पीडीएफ प्रॉब्लेम’ असंच ना? त्याला फॉन्ट डाउनलोडच्या साइटी येणार. त्या रोगाचं त्या धंद्यातलं नाव काय ते आधी हुडकायचं. ‘टेक्स्ट शेपिंग’, ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ टाकून बघ, एकदम वेगळी माणसं भेटतात. आणि मराठी म्हणून न शोधता हिंदी, देवनागरी, बंगाली, ख्मेर म्हणून शोध, त्यांना पण हेच दुखणं आहे आणि विचारणारे जास्त आहेत.

नियम_व_अटी

एमपीडीएफ घ्यायच्या आधी लायसन वाच हं. ते जीपीएल आहे. तुझ्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना नुसतं पीडीएफ दिलंस तर फार अडचण नाही, पण सॉफ्टवेअर मालकाच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलंस की ते वाटप झालं, मग त्या मालकाला तुझा सोर्स पण त्याच अटीवर द्यायची वेळ येते. आपल्याकडं हे कोण बघत नाही म्हणून सगळे निवांत असतात, पण उद्या हेच सॉफ्टवेअर दुसऱ्या अडत्याला विकायचं असेल तर आत्ताच बघितलेलं बरं. एमआयटी, बीएसडी, अपाची असलं सैल लायसन असलं की डोक्याला ताप कमी. एजीपीएल, म्हणजे जीपीएलचं कडक रूप, दिसलं तर सर्व्हरवर ठेवून पण सुटका नाही. आणि लायसन बदलतं पण, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांना विचार, एक्सेलसाठी सगळे ईपीप्लस वापरायचे, २०२० मध्ये पाचव्या आवृत्तीपासनं धंद्यासाठी ते पैसे देऊन घ्यायचं झालं, मग निम्मी जनता क्लोज्ड-एक्सएमएलकडं पळाली.

रंकाळा_नाईट्स

एवढा काथ्याकूट कशाला, एआयला विचारायचं ना राव, दोन मिनिटात लायब्ररीचं नाव देतंय आणि कोड पण.

शिरोलीकर

देतंय की. नसलेल्या लायब्ररीचं पण देतंय, तेवढ्याच ठसक्यात. आणि आता लोक असली उगाच सुचवली जाणारी नावं हेरून त्या नावाचं पॅकेज मुद्दाम चढवून ठेवायला लागलेत, आत काय भरलंय देव जाणे. विचार जरूर, पण नाव मिळालं की पॅकेजिस्टवर (पीएचपीची पॅकेजं तिथं असतात) नाहीतर एनपीएमवर (जावास्क्रिप्टची) जाऊन ते कधीपासनं आहे, कोण चालवतंय, हे बघितल्याशिवाय इन्स्टॉल मारू नको.

पुण्यातला_कागलकर

माझी पद्धत सांगतो, जरा उलटी आहे. जी लायब्ररी नापास झाली तिच्याच इश्यू लिस्टमध्ये, म्हणजे लोकांच्या तक्रारींच्या यादीत, मी पहिल्यांदा जातो. डॉमपीडीएफच्या इश्यूंमध्ये देवनागरी, इंडिक, हिंदी असं टाकून बघ, बंद झालेले इश्यू पण बघ. तुझ्यासारखेच वैतागलेले लोक तिथं असतात आणि शेवटी कोणतरी लिहितंच की आम्ही अमुक वापरलं आणि काम झालं. हे ‘टॉप टेन पीडीएफ लायब्ररी’ छाप लेखांपेक्षा शंभरपट बरं, कारण त्या लेखवाल्यांनी एकाही लायब्ररीत ‘गुऱ्हाळ’ छापून बघितलेलं नसतं.

दुसरं म्हणजे तारीख. जुन्या उत्तरांत सगळीकडं डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ सुचवलेलं दिसेल, एकेकाळी चांगलंच होतं, पण २०२३ च्या सुरुवातीला त्याचा रेपो अर्काइव्ह केला, म्हणजे काम थांबवलं. नवीन कामाला घेऊ नको. डाउनलोडचे आकडे बघून पण हुरळायचं नाही, जावास्क्रिप्टमधलं तारखांचं मोमेंट बघ, २०२० मध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं की नवीन प्रोजेक्टला आम्हाला घेऊ नका, तरी डाउनलोड चालूच आहेत, कारण जुन्या कोडातनं ते कोण काढत बसणार. मी गिटहबवरचे स्टार बघत नाही, शेवटची रिलीज कधीची आणि लोकांनी टाकलेल्या बगला कोण उत्तर देतंय का एवढं बघतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक वाकडी टेस्ट फाईल करून ठेव. त्यात कृष्णात, ज्ञानदेव, श्रीपती, पट्टणकोडोली, गुऱ्हाळ, कुऱ्हाडे, आणि १,२३,४५६.५० असली रक्कम. नवीन लायब्ररी आली की डेमो बघायचा नाही, डायरेक्ट ही फाईल घालायची. पाच मिनिटात निकाल. आठवडा जातो तो डेमो नीट चाललाय म्हणून बाकीचं पण चालणार असं धरून पुढं गेल्यामुळं.

नियम_व_अटी

यात एक भर, लायब्ररी लागतेच का ते पण बघावं. लाख-हजाराचे स्वल्पविराम पाडायला लोक पॅकेज टाकतात, ते पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमध्ये आहे, ब्राउझरमध्ये इंटल नंबर-फॉरमॅट आहे, लोकेल मराठी दिलं तर आकडे पण देवनागरी येतात. २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज लेखकानं एनपीएमवरनं काढून टाकलं तर जगभरचे बिल्ड बंद पडले होते. अक्षरी रक्कम मात्र हातानं लिही, मराठीत नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, एक तक्ता केलास की संपलं, आणि एकोणऐंशी की एकोण्याऐंशी हा वाद मालकांशी आधीच मिटवून घे.

पुण्यातला_कागलकर

सहमत, पण सगळंच हातानं नको रे बाबा. तारखा, एन्क्रिप्शन, एक्सेल वाचणं, शेपिंग, हे स्वतः लिहायला बसलास तर नातवंडं पूर्ण करतील.

मालकाच्या मशीनवरच चालवायचं असेल तर अजून एक सोपी वाट आहे. विंडोज १० किंवा ११ असेल तर एज ब्राउझर आधीपासनंच तिथं बसलेला असतो, आणि तो आतनं क्रोमियम, म्हणजे क्रोमचाच गाभा. पट्टी साधी एचटीएमएल म्हणून बनव आणि एजला हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून प्रिंट-टू-पीडीएफ सांग. शेपिंग फुकटात, लायसनची कटकट नाही, वीझीप्रिंटसाठी विंडोजवर पँगो बसवायचा वनवास पण नाही. सर्व्हरवर करायचं असेल तर लारावेलवाले ब्राउझरशॉट वापरतात, एमआयटी आहे, पण त्याला नोड आणि पपेटिअर लागतं, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर बहुतेक जमणार नाही.

गूळ_आणि_कोड

लई भारी. मशीन मालकाच्या दुकानातलंच आहे म्हणून एजवालं करून बघितलं, कृष्णात आणि गुऱ्हाळ दोन्ही एक नंबर आले, नाद खुळा. फॉन्ट मुक्ता घेतला, ओपन फॉन्ट लायसन आहे, वाचलं बरं का यावेळी.

दोन गोष्टी राहिल्या. पानावर वर तारीख आणि खाली फाईलचा पत्ता छापून यायला लागलाय, तो घालवायचा कसा? आणि मालक आता म्हणतात काट्यावर छोटा थर्मल प्रिंटर पण ठेवूया, तिथं वजनाची चिठ्ठी मराठीत पाहिजे.

शिरोलीकर

पहिल्याला नो-पीडीएफ-हेडर-फूटर असा फ्लॅग आहे, कमांडमध्ये टाक, जातंय. जमलं तर एचटीएमएलच्या वरच्या टॅगमध्ये लँग एमआर पण लिही, फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात, मालकांच्या नजरेतनं ते सुटणार नाही.

थर्मलला मराठी मजकूर म्हणून पाठवू नको, बहुतेक प्रिंटरच्या आत देवनागरी नसतंच, पाठवलंस तर चिन्हांची खिचडी येते. चिठ्ठीचं चित्र बनव, आणि ईएससी-पॉस पीएचपी नावाची लायब्ररी आहे तिच्यातनं इमेज म्हणून छाप. प्रिंटर ५८ मिलिमीटरचा आहे की ८० चा ते आधी विचार, चित्राची रुंदी त्यावरच ठरवायची. आणि तुझी ती वाकडी फाईल तिथं पण घाल, बारीक अक्षरात रफार आणि अनुस्वार एकात एक मिसळतात, फॉन्ट थोडा मोठा आणि ठळक ठेवावा लागेल.