रिमोट गाडीचा स्पर गिअर: प्लास्टिकचाच ठेवावा की पोलादी बसवावा?

परळकर (धागाकर्ता)
मैदानावर रेडिओ कंट्रोल गाड्या घेऊन जमणाऱ्या मंडळींत एक समज पक्का रुजला आहे. स्पर गिअरचे, म्हणजे मोटारीचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाचे, दाते गेले, की पोलादी स्पर मागवायचा आणि विषय संपवायचा. माझे मत याच्या अगदी उलट आहे. दाते जाणे हा परिणाम असतो आणि त्याचे कारण बहुधा दुसरीकडे असते. मोटारीच्या बैठकीचे स्क्रू तापून सैल झालेले असतात, पिनियनचा (मोटारीच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे तो शाफ्टवर पकडून ठेवणारा डोके नसलेला बारीक स्क्रू, शाफ्टच्या सपाट बाजूऐवजी गोल भागावर आवळलेला असतो, किंवा स्परमागचे बेअरिंग झिजल्यामुळे दोन्ही गिअरमधले अंतर गाडी धावताना बदलत राहते. यांतले काहीही न तपासता पोलाद बसवले, तर तोच दोष पुढे पिनियनला आणि मोटारीच्या शाफ्टला सोसावा लागतो.

मोटार फिरते पण गाडी हलत नाही, अशा वेळी आधी मोटार सैल करून पिनियन बाजूला घ्यावे आणि स्पर हाताने घट्ट धरून मागचे एक चाक फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफरन्शियल (डिफ), म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, शाबूत आहे. दोन्ही चाके एकाच दिशेने फिरवता आली, तर घसरण एक तर स्लिपर क्लचमध्ये (जास्त जोर आला की मुद्दाम घसरणाऱ्या, स्परला जोडलेल्या क्लचमध्ये) आहे किंवा डिफच्या क्राउन गिअरवर (डिफला फिरवणाऱ्या मोठ्या गिअरवर). करकर आवाज आला तर क्राउन, आवाज न करता गुळगुळीत घसरले तर स्लिपर. चाक ज्यावर बसते त्या १२ मिमी षटकोनी तुकड्यातली बारीक पिनही पाहावी, कारण एका बाजूची पिन निसटली तरी सगळे फिरणे त्या मोकळ्या ॲक्सलकडे जाते आणि गाडी जागची हलत नाही. एवढी तपासणी झाल्यावरच नवा भाग मागवावा, आणि तो मूळच्यासारखा प्लास्टिकचाच असावा. घरातल्या फ्यूजप्रमाणे तो वेळेवर जातो, म्हणून पुढचे महागडे भाग वाचतात.

पोलादी
तपासणीबद्दल दुमत नाही, निष्कर्षाबद्दल आहे. तुटण्यासाठी मुद्दाम ठेवलेला भाग हवा, हे मान्य केले तरी ते काम स्लिपर क्लचचे आहे. उडीवरून उतरताना चाकांना बसणारा झटका स्लिपर घसरून पचवतो, आणि तो नीट लावलेला असेल तर स्परने स्वतः तुटण्याची गरज उरत नाही. ३ सेलच्या, म्हणजे ११.१ व्होल्टच्या बॅटरीवर ब्रशलेस मोटार एकदम जोर देते आणि चुकून आत शिरलेला एखादा खडाही प्लास्टिकचे दाते ओरबाडतो. शिवाय मुंबईत स्पर हव्या त्या दिवशी मिळतोच असे नाही. लॅमिंग्टन रोडवर बॅटरी, चार्जर, वायर असे सारे सापडते, पण ठरावीक दात्यांचा आणि ठरावीक पिचचा (दात्यांच्या मापाचा) गिअर बहुधा बाहेरून मागवावा लागतो, आणि तोवर गाडी कपाटात पडून राहते. जो भाग मिळायला सर्वांत अवघड, तोच सर्वांत नाजूक ठेवावा, हे मला पटत नाही.

परळकर
मिळण्याचा प्रश्न खरा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच मागणीत दोन स्पर घेऊन ठेवणे. स्लिपरचा मुद्दा मात्र अर्धाच लागू पडतो, कारण खऱ्या गाडीच्या १/१२ आणि १/१४ मापाच्या पुष्कळशा स्वस्त गाड्यांत स्लिपर नसतोच. तिथे स्पर पोलादी केला, की पुढचा कच्चा दुवा डिफचा क्राउन गिअर किंवा डॉगबोन (डिफपासून चाकाकडे जाणारा दांडा) अडकतो ती प्लास्टिकची वाटी ठरते. स्पर बदलायला बहुतेक गाड्यांत मोजके स्क्रू काढावे लागतात. क्राउन बदलायचा तर गिअरबॉक्स उघडणे, शिम (पातळ चकत्या) लावून फट पुन्हा जुळवणे आणि डिफमध्ये तेल भरणे हे सगळे आले.

मुलुंड पूर्व
भाग निवडण्याच्या बाबतीत एक गोष्ट दोघांकडूनही राहिली आहे. मैदानात निकामी होणारे कितीतरी स्पर चुकीच्या पिचमुळे जातात. दात्यांची संख्या जुळली म्हणजे गिअर जुळला, असे नसते. दात्याचे माप मिलिमीटरमध्ये सांगितले की ते मॉड्यूल, आणि व्यासाच्या दर इंचामागे किती दाते असे सांगितले की तो पिच. टामिया कंपनीच्या टीटी-०२ या गाडीचा मूळ स्पर ७० दात्यांचा आणि ०.६ मॉड्यूलचा आहे. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून मॉड्यूलने गुणले, की बाहेरचा व्यास ४३.२ मिमी येतो. तेवढ्याच दात्यांचा ४८ पिचचा स्पर ३८.१ मिमीचा भरतो. व्हर्निअर कॅलिपर लावला की हा फरक लगेच कळतो. खरा घोटाळा ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल यांच्यात होतो. ५४ दात्यांच्या गिअरचा व्यास एकात ४४.४५ मिमी, तर दुसऱ्यात ४४.८ मिमी असतो. अनेक जण हे दोन्ही बिनदिक्कत एकत्र चालवतात. प्लास्टिक-पोलाद जोडीत ते काही काळ निभावते, पोलाद-पोलाद जोडीत मात्र मी ते कधीही करणार नाही.

वेसावकर
आमच्याकडे वाळूवर गाडी चालवणारे बरेच आहेत, म्हणून पोलादी गिअरच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक विचारतो: ग्रीस कुठे लावणार? उघड्या पोलादी गिअरला ग्रीस हवे आणि ग्रीसला वाळू चिकटते. कोरडे चालणारे ॲसिटालचे (एका कठीण, गुळगुळीत प्लास्टिकचे) स्पर तिथे अधिक टिकतात. बेअरिंग घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच घ्यावे. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर ५×१०×४ किंवा १०×१५×४ असे माप सांगितले की काम होते, गाडीचे नाव सांगावे लागत नाही.

पोलादी
वेसावकरांचा मुद्दा उघड्या गिअरपुरता मी मान्य करतो. ज्या गाड्यांत स्परवर बंद झाकण आहे आणि स्लिपरही आहे, तिथे माझे मत कायम आहे. आणि प्लास्टिक म्हणजे नेमके कोणते, हेही धागाकर्त्यांनी सांगायला हवे होते. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगते. मुंबईच्या पावसाळ्यात, मे महिन्यात जुळवलेली गिअरमधली फट जुलैत घट्ट झालेली आढळली तर नवल नाही.

परळकर
रास्त सूचना. मी ॲसिटालच्या बाजूने आहे, कारण ते नायलॉनच्या तुलनेत फारच कमी ओलावा घेते. नायलॉनचाच स्पर मिळाला, तर वहीच्या कागदाची पट्टी दोन्ही गिअरमध्ये धरून मोटार आवळावी, पट्टी काढावी आणि स्पर पूर्ण एक फेरा फिरवून सर्वांत घट्ट जागी किंचित खेळ उरतो का, ते पाहावे. पावसाळा लागला की हे पुन्हा करावे. बंद झाकण आणि स्लिपर असलेल्या गाडीत पोलादी स्पर बसवायला माझी हरकत नाही, पण मग पिनियनही त्याच पिचचे, कठीण केलेल्या पोलादाचे आणि नवे असावे. झिजलेल्या पिनियनवर नवा पोलादी स्पर बसवू नये.