फाउस्तिनाचे रोमन चांदीचे नाणे: आईचे की मुलीचे? मदत हवी आहे

नमस्कार. रोमन सम्राज्ञींच्या देनारियस (रोमन चांदीचे नाणे) नाण्यांचा ज्यांनी अभ्यास केला आहे, त्यांचे मत मला हवे आहे. ब्रिटनमधील एका विक्रेत्याकडून घेतलेल्या माझ्या नाण्याच्या दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारी स्त्रीप्रतिमा असून तिच्याभोवती ‘दिवा फाउस्तिना’ (दिवा म्हणजे देवत्व पावलेली) एवढी लॅटिन अक्षरे वाचता येतात. मागील बाजूस मोर आणि ‘कॉन्सेक्रातिओ’ (देवत्व बहाल करणे) हा लेख आहे. वजन ३.१ ग्रॅम आणि व्यास सुमारे १७ मि.मी. आहे.

अडचण अशी की या नावाच्या दोन सम्राज्ञी होत्या आणि दोघींनाही मृत्यूनंतर देवत्व देण्यात आले. थोरली फाउस्तिना ही अँटोनिनस पायस याची पत्नी, ती इ.स. १४० च्या सुमारास वारली. तिच्या स्मरणार्थ पुढे अनेक वर्षे विपुल नाणी पाडली गेली, आणि रोमच्या फोरममध्ये (प्राचीन सार्वजनिक चौकात) तिच्यासाठी बांधलेले देऊळ आजही उभे आहे. धाकटी ही तिची मुलगी, मार्कस ऑरेलियसची पत्नी, ती इ.स. १७५ च्या सुमारास आशिया मायनरमध्ये वारली. जुनो देवीचा मोर दोघींच्याही नाण्यांवर येत असल्याने मागच्या बाजूवरून निर्णय होत नाही.

धाकटीच्या मरणोत्तर नाण्यांवर नावापुढे सहसा ‘पिया’ (धर्मनिष्ठ) हा शब्द असतो, परंतु माझ्या नाण्यावर ठसा एका बाजूला सरकल्याने नेमकी तीच जागा कापली गेली आहे. केशरचनेचा आधार घ्यावा, तर थोरलीच्या वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळलेल्या असतात आणि धाकटीचा अंबाडा मागे, मानेच्या वर असतो. येथे माथाही अर्धवट कापला गेला आहे आणि मानेजवळचा उंचवटा इतका झिजला आहे की तो अंबाडा आहे की नुसते केस, हे ठरवता येत नाही. चेहऱ्याच्या ठेवणीवरून मला ती थोरली वाटते, पण एवढ्यावर निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. अशा झिजलेल्या नाण्यात आणखी कोणती खूण पाहावी?

दुसरी शंका कडेवरील हिरवट डागाची आहे. आत तांबे आणि वर चांदीचा पातळ थर अशी बनावट नाणी रोमन काळातही पाडली जात. मात्र खऱ्या देनारियसच्या चांदीतही तांबे मिसळलेले असल्यामुळे केवळ डागावरून तसे म्हणता येणार नाही. पाण्यात वजन करून घनता काढली, तर एवढ्या लहान नाण्यात हा फरक विश्वासार्हपणे कळेल का? मी ते घासलेले नाही, कोणत्याही द्रावणात बुडवलेलेही नाही, आणि जाणकारांच्या सल्ल्याशिवाय तसे करणार नाही. दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे तिरप्या प्रकाशात काढून येथे देऊ शकेन; आणखी कोणत्या कोनातून हवी असल्यास कृपया कळवावे.