इंटेंड म्हणजे नक्की काय? फ्रेंचमधे तर 'ऐकणे' निघालं!

वाचनवेडी: नमस्कार मंडळी. भाच्याचा अमेरिकेच्या स्टुडंट व्हिसाचा इंटरव्ह्यू जवळ आलाय, घरात सध्या दुसरा विषय नाही. कन्सल्टंटने त्याला बजावलंय की तू 'इंटेंडिंग इमिग्रंट' (म्हणजे तिकडे कायमचं राहायचा इरादा असलेला) नाहीस हे ऑफिसरला पटलं पाहिजे. त्यांचं ते चालू असताना माझं डोकं भलतीकडेच गेलं, कारण मी फ्रेंचच्या क्लासला जाते आणि तिथे 'आंतांद्र' म्हणजे ऐकणे, आणि स्पेलिंग बघितलं तर बरंचसं इंटेंडसारखंच! बाईंना विचारलं तर म्हणाल्या मूळ एकच आहे, आणि तेवढ्यात तास संपला. आता ऐकणं कुठे आणि इरादा असणं कुठे? कोणी सांगेल का? आणि इंटेंड नि मीन यात फरक काय तेही सांगा जमलं तर.

जुनेपुराणे: बाई बरोबर आहेत. लॅटिनमधे 'तेंदेरे' म्हणजे ताणणे, त्याला 'इन' लागलं की कशाच्या तरी दिशेने ताणणे. रोमन लोक 'इन्तेंदेरे' धनुष्य ताणायलाही वापरायचे आणि एखाद्या गोष्टीकडे लक्ष लावायलाही. मग लक्ष डोक्याने लावलं तर समजणं, कानाने लावलं तर ऐकणं. स्पॅनिश 'समजणे'वर थांबली (एन्तेंदेर), फ्रेंच पुढे 'ऐकणे'पर्यंत गेली, तिथे ऐकण्यासाठी आधी 'उईर' असं वेगळं क्रियापद होतं पण ते 17व्या शतकाच्या आसपास मागे पडलं आणि ती जागा आंतांद्रने घेतली.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधूनच आला, 1300 च्या सुमारास, आणि तेव्हा लिहायचे पण ई ने, 'एंटेंड'. नंतर लॅटिनकडे बघून आय केला. सुरुवातीला 'लक्ष देणे' हाही अर्थ होता, तो मेला. पण सुपरिंटेंडंटमधे अजून जिवंत आहे बघा, वरून लक्ष ठेवणारा. एसपी साहेबांचा इराद्याशी काही संबंध नाही!

आणि एक गंमत. शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डच्या नाटकात लंडनचा मेयर येतोय म्हटल्यावर बकिंगहॅम रिचर्डला सांगतो, 'इंटेंड सम फिअर'. म्हणजे घाबरल्याचं सोंग कर. तेव्हा इंटेंडला 'प्रिटेंड'चाही अर्थ होता. प्रिटेंड पण त्याच तेंदेरेचं पोर, पुढे ताणून धरणे, म्हणजे समोर पडदा धरल्यासारखं. अटेंड, एक्स्टेंड, टेन्शन, टेन्ट, सगळे त्याच घरातले.

सह्याद्री_७७: ताणणे?? आपलं ताण, तंतु, गाण्यातली तान, हे सगळं संस्कृत 'तन्' मधून येतं. म्हणजे शेवटी संस्कृतातूनच गेला की शब्द तिकडे 😀

जुनेपुराणे: @सह्याद्री_७७ गेला नाही हो, लॅटिन आणि संस्कृत दोघींची आजी एक, त्यामुळे दोघींकडे तो स्वतंत्रपणे वारशाने आलाय, कोणी कोणाकडून घेतलेला नाही. लॅटिनमधे 'तेनुइस' म्हणजे बारीक, पातळ, संस्कृतात 'तनु' म्हणजे पण तेच, इंग्रजी 'थिन' सुद्धा त्यातलाच. ताणलं की पातळ होतं. इतकं साम्य बघून प्रत्येक वेळी मालकी कशाला सांगायची, चुलत भावंडं म्हणा ना.

टाका_घालणारा: आमच्या सर्जरीत एक विचित्र वापर आहे जो कोणी सांगितला नाही. जखमेच्या कडा जुळवून टाके घातले आणि ती सरळ भरून आली तर 'हीलिंग बाय प्रायमरी इंटेन्शन'. कडा जुळतच नाहीत किंवा पू झालाय म्हणून जखम उघडीच ठेवली, रोज ड्रेसिंग, आणि ती तळापासून लाल दाणेदार मांस वर येत येत भरली तर 'सेकंडरी'. काही दिवस थांबून, स्वच्छ आहे बघून मग टाके घातले तर टर्शरी. एमबीबीएसला असताना मला वाटायचं जखमेला कसला आलाय इरादा! पण तो जुन्या वैद्यकाच्या लॅटिनमधला शब्द आहे, तिथे इंटेन्शन म्हणजे उपचाराचा रोख, पहिला मार्ग, दुसरा मार्ग असं. व्हायवाला विचारतात, अर्थ माहीत नसला तरी पास होता येतं.

ओव्हरसीज_काका: मीनचं राहिलं. मीन हा इंग्रजीचा घरचा जुना शब्द, जर्मन 'माइनेन'चा भाऊ, त्यामुळे बोलताना तो येतो आणि इंटेंड कागदावर येतो. बसमधे पाय पडला तर 'आय डिडंट मीन टू' म्हणतात, तिथे इंटेंड म्हटलं तर कोर्टात उभे असल्यासारखं वाटेल. शिवाय मीनमधे 'अर्थ' आणि 'मनात असणं' दोन्ही येतं.

आता भाच्यासाठी. तिकडच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्यात 214(b) कलम आहे, त्यात अर्जदार कायमचा राहायलाच येतोय असंच आधी धरून चालतात आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी अर्जदाराची. म्हणून नुसतं 'आय इंटेंड टू रिटर्न' पाठ करून उपयोग नाही, ते सगळेच म्हणतात. शिक्षण झाल्यावर इथे काय करणार हे त्याला स्वतःच्या शब्दात दोन वाक्यात सांगता यायला हवं, आणि तेच कॉलेज का घेतलं तेही. एच वन बी या नोकरीच्या व्हिसाची गोष्ट वेगळी, त्यात 'ड्युअल इंटेंट' चालतो, म्हणजे नोकरीही करतो आणि जमलं तर राहीनही असं म्हणायची मुभा आहे. ते नियम वाचून स्टुडंट व्हिसाच्या खिडकीवर बोलायला जाऊ नको म्हणावं, पोरं यूट्यूब बघून हेच मिसळतात.

वाचनवेडी: बापरे, केवढं निघालं यातून! काका, तुमचं उत्तर भाच्याला फॉरवर्ड केलंय. आणि डॉक्टर, ते दाणेदार मांस मी जेवताना वाचलं हो 😑